राखी कोंबडीची काळी पिल्लं

अड्याळहून आम्ही बोलतो आहोत.

आज आम्ही तुम्हाला एका कोंबडीचा इतिहास सांगणार आहोत. हसू नका. इतिहास राजा-राणीचा असतो, किल्ल्याचा असतो, आपल्या पवनीच्या जुन्या स्तूपांचा असतो, तसा कोंबडीच्या पिसाचाही असतो. आणि या इतिहासापायी आमच्यावर एक देणं आहे. ते काय, हे शेवटी सांगू.

सुरुवात आमच्या गावापासूनच करतो. भंडाऱ्याहून पवनीकडे निघालं की वाटेत अड्याळ लागतं. आमचा मुलूख धानाचा. धान कापून झालं, मळणी झाली की सांडलेला दाणा वेचायला कोंबड्या मोकळ्या सुटतात. दाणा, किडे, अळ्या, घरातलं उष्टं-खरकटं, एवढ्यावर त्यांचं भागतं. धानाचा पैसा येतो तेव्हा तो आधी सोसायटीचं कर्ज, खतवाल्याची उधारी, मजुरी यांत जातो. अंड्याचा आणि कोंबडीचा पैसा मात्र बाईच्या पदराला असतो. पोराची वही, दवाखान्याची चिठ्ठी, माहेरी जायचं तिकीट त्यातूनच निघतं. म्हणून गावातलं कोंबडीवरून होणारं भांडण छोटं समजू नका. ते बाईच्या पैशाचं भांडण असतं आणि तिच्या इमानाचंही असतं.

आमच्या गटात असंच एक भांडण झालं. गटातल्या एका मावशीकडे राखी रंगाच्या कोंबड्या होत्या. कोंबडाही राखीच. चुलीतल्या राखुंडीवर पाणी शिंपडल्यावर जसा गडद रंग येतो ना, तसा रंग, आणि उन्हात उभी राहिली की निळी झाक मारायची. बघणाऱ्याची नजर ठरायची नाही. गटातल्या चौघींनी मावशीकडून उबवणीची अंडी घेतली, नेहमीपेक्षा दोन पैसे जास्त देऊन. घरच्या खुडूक कोंबड्यांखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटली. काही राखी होती, पण काही चक्क काळी, आणि काही मळकट पांढरी. ती पांढरी मोठी झाली तसे त्यांच्या अंगावर काळे-निळे शिंतोडे उमटले, जसं कोणी शाईचा हात झटकावा.

बैठकीत बोलणी सुरू झाली. एक म्हणाली, मावशीनं दुसरीकडची अंडी मिसळली. दुसरी म्हणाली, हिच्या कोंबड्यांचं बी शुद्ध नाही, आणि ते हिला ठाऊक होतं. मावशी म्हणाली, "मायं, माह्या घरी दुसरा कोंबडाच नाई. मी मिसळू कोठून?" तिचं कोणी ऐकलं नाही. तिनं चौघींचेही पैसे मोजून परत केले, पदर सावरला आणि निघून गेली. पुढच्या बैठकीला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

काही महिन्यांनी लसीकरणाच्या वेळी आम्ही जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना ही गोष्ट सहज सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "कोंबडा राखी आणि कोंबडीही राखी?" आम्ही म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "मग असंच होणार होतं. याच गोष्टीनं इंग्लंडातल्या हुशार हुशार माणसांना पन्नास वर्षं चकवलं आहे." तिथून आम्ही या इतिहासाच्या मागे लागलो. जे समजलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

गोष्ट सुरू होते स्पेन देशात. त्याच्या दक्षिणेला अंदालुसिया नावाचा मुलूख आहे. तिकडच्या राखी-निळ्या कोंबड्या १८५० च्या आसपास जहाजातून इंग्लंडात पोचल्या. तेव्हा तिकडे लोकांना कोंबड्यांचं वेड लागलं होतं. १८३५ साली इंग्लंडात कायद्यानं कोंबड्यांच्या झुंजी बंद केल्या. आपल्या झाडीपट्टीतही ही झुंजीची हौस लोकांना चांगली माहीत आहे, आणि आपल्याकडेही ती आता कायद्यात बसत नाही. झुंजी गेल्या तशी तिकडच्या लोकांची हौस प्रदर्शनाकडे वळली. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. मग गावोगाव प्रदर्शनं, बक्षिसं, ढाली. कोणत्या जातीचा तुरा कसा असावा, पाय कोणत्या रंगाचे, पीस कसं, याचे नियम १८६५ मध्ये पुस्तकात छापले गेले.

स्पेनहून आलेल्या त्या कोंबडीला नाव पडलं अंदालुशियन. तिचा रंग आपल्या मावशीच्या कोंबडीसारखाच. पिसाचा मधला भाग राखी-निळा आणि कडेला गडद किनार, जशी लुगड्याला काठ असावी. लोक तिला निळी कोंबडी म्हणत. खरं तर कोंबडीच्या पिसात निळा रंग नसतोच. काळा रंग फिका पडला की आपल्या डोळ्यांना निळसर वाटतो एवढंच.

या निळ्या कोंबडीनं पाळणाऱ्यांच्या नाकी नऊ आणले. निळा कोंबडा निळ्या कोंबडीवर सोडावा, तर निम्मीच पिल्लं निळी निघायची. उरलेल्यांत निम्मी काळी, निम्मी पांढरट शिंतोड्यांची. पाळणारे म्हणायचे, बी भ्रष्ट झालं आहे, आणखी शुद्ध करायला हवं. मग काळी आणि शिंतोड्यांची पिल्लं बाजूला काढायची, मारून खायची नाहीतर स्वस्तात विकायची, आणि निळी तेवढी पुढच्या पिढीसाठी ठेवायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आजोबानं केलं, बापानं केलं, मुलानं केलं. पन्नास वर्षं वेचणी झाली, पण एकाही वर्षी सगळी पिल्लं निळी निघाली नाहीत. आणि काळं पिल्लू निघालं की शेजारी म्हणणार, याच्या कुंपणावरून दुसऱ्याचा कोंबडा आला असेल. आमच्या बैठकीत जे झालं, तेच.

आता दुसरा धागा घ्या. आजच्या चेक देशात ब्र्नो नावाचं शहर आहे. तिथल्या मठात ग्रेगॉर मेंडेल नावाचा साधू राहायचा. त्यानं मठाच्या बागेत वर्षानुवर्षं वाटाणे लावले. उंच झाड, बुटकं झाड, गोल दाणा, सुरकुतलेला दाणा, सगळं मोजून वहीत लिहिलं. आई-बापाकडून पोरात गुण येतात ते दूध-पाण्यासारखे मिसळून जात नाहीत, तर सुट्या दाण्यांसारखे येतात, हे त्यानं ओळखलं. एक दाणा आईचा, एक बापाचा. १८६५ साली त्यानं हे सभेत वाचून दाखवलं, १८६६ साली छापलं. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १८८४ साली तो वारला. १९०० साली युरोपातल्या तीन शास्त्रज्ञांच्या कामातून त्याचं म्हणणं पुन्हा वर आलं.

हे दोन धागे इंग्लंडात केंब्रिज गावी एकत्र आले. तिथे विल्यम बेटसन नावाचे शास्त्रज्ञ होते. प्रयोगासाठी पैसा तुटपुंजा, म्हणून त्यांनी घराच्या आवारातच कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांच्या पत्नी बिअॅट्रिस या कामात त्यांच्या बरोबरीनं होत्या. आणि त्यांच्यासोबत संशोधन करत होत्या एडिथ रेबेका सॉन्डर्स.

बायांनो, हे नाव लक्षात ठेवा. सॉन्डर्सबाई बायकांच्या न्यूनहॅम कॉलेजात शिकवायच्या. त्या काळी केंब्रिजात मुली शिकायच्या, परीक्षा द्यायच्या, पण त्यांना पुरुषांसारखी पदवी मिळत नसे. ती मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. प्रयोगशाळांचे दरवाजेही मुलींना सहज उघडत नसत, म्हणून १८८४ मध्ये बायकांसाठी वेगळी प्रयोगशाळा काढावी लागली. सॉन्डर्सबाईंनी ती पुढे अनेक वर्षं चालवली. त्या फुलझाडांवर प्रयोग करायच्या, बेटसन कोंबड्यांवर. १९०२ साली दोघांनी मिळून आपला अहवाल दिला. मेंडेलचा नियम झाडांसारखाच प्राण्यांनाही लागू पडतो, हे त्यात कोंबड्यांच्या तुऱ्यावरून दाखवलं होतं. आणि निळ्या अंदालुशियन कोंबडीबद्दल त्यांनी एक शंका मांडली होती, की ही कोंबडी शुद्ध होणारच नाही, कारण निळा रंग हा मुळात दोन वेगळ्या दाण्यांच्या जोडीचा रंग आहे. पुढच्या काही वर्षांत बेटसन आणि त्यांचे जोडीदार रेजिनाल्ड पनेट यांनी पिल्लं मोजून ही शंका खरी ठरवली.

आता हे समजून घ्यायला पुस्तक नको. दोन वाट्या घ्या. प्रत्येक वाटीत एक काळा उडीद आणि एक तांदळाचा दाणा टाका. एक वाटी राखी कोंबडा, दुसरी वाटी राखी कोंबडी. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचला. दोन्ही उडीद आले, तर पिल्लू काळं. एक उडीद, एक तांदूळ आला, तर पिल्लू राखी. दोन्ही तांदूळ आले, तर पिल्लू पांढरट, शिंतोड्यांचं. दाणे परत आपापल्या वाटीत टाका आणि पुन्हा उचला. असं चाळीस वेळा करून वहीत खुणा करा. साधारण दहा काळी, वीस राखी, दहा शिंतोड्यांची, असा हिशेब येईल. अगदी तंतोतंत येणार नाही, थोडं मागं-पुढं होईल. चारच अंडी बसवली तर चारही राखी निघू शकतात किंवा एकही नाही. जास्त वेळा उचलाल तसा हिशेब जुळत जाईल.

आम्ही हा खेळ आमच्या बैठकीत केला. पहिल्यांदा पोरींनी केला, मग आम्ही म्हाताऱ्यांनी. दाणे उचलता उचलता एकेकीचा चेहरा उतरत गेला. कारण सगळ्यांना एकच गोष्ट समजत होती. मावशीनं अंडी मिसळली नव्हती. तिच्या राखी जोडीच्या पोटीच काळी आणि शिंतोड्यांची पिल्लं होती.

यातली सगळ्यात मोठी गंमत आता ऐका. काळा कोंबडा घ्या, म्हणजे दोन्ही उडीद. शिंतोड्यांची कोंबडी घ्या, म्हणजे दोन्ही तांदूळ. त्यांच्या प्रत्येक पिल्लाला एक उडीद आणि एक तांदूळच मिळणार. दुसरं काही मिळूच शकत नाही. म्हणजे सगळीच्या सगळी पिल्लं राखी! पन्नास वर्षं ज्या पिल्लांना भ्रष्ट म्हणून फेकलं, त्यांचीच जोडी लावली असती तर पहिल्याच वर्षी अंगणभर निळी पिल्लं दिसली असती. शुद्ध समजून जपलेली निळी जोडी निम्मीच निळी देते, आणि टाकाऊ ठरवलेली जोडी पूर्ण निळी देते. बेटसन १९०८ च्या एका भाषणात म्हणाले होते की अपवाद दिसला तर तो टाकू नका, जपा, त्यातूनच नवं समजतं. आपण घरात, गावात, गटात किती वेळा उलटं करतो, ते ज्याचं त्यानं पाहावं.

पुढे १९१८ मध्ये अमेरिकेतल्या लिपिनकॉट नावाच्या संशोधकानं या कोंबडीचा पुन्हा अभ्यास केला. पिसातला काळा रंग बारीक कणांच्या रूपात असतो. तांदळाचा एक दाणा त्या काळ्या रंगाला फिका करतो, दोन दाणे त्याला जवळजवळ पुसून टाकतात. तांबड्या-पिवळ्या रंगावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून आपल्या गावठी कोंबडीत कधी मान तांबूस आणि शेपूट तेवढी राखी दिसते. जिथे काळं असायला हवं होतं, तिथेच राखी होतं.

एक इशाराही देऊन ठेवतो. राखी दिसणारी प्रत्येक कोंबडी याच हिशेबाची नसते. दुसरा एक फिका राखी रंग असतो, त्याला पाळणारे लव्हेंडर म्हणतात. त्याचं जनुक वेगळं आहे, ते शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये ओळखलं. त्या रंगाची जोडी लावली तर सगळी पिल्लं त्याच रंगाची निघतात. तेव्हा आपल्या खुराड्यातली राखी कोंबडी कोणती, हे तिच्या पिसावरून ठरवू नका. तिची पिल्लं मोजा.

आता तुम्ही विचाराल, या रंगाचा आम्हाला उपयोग काय? उपयोग असा, की फसवणूक ओळखता येते. बाजारात रंगाच्या नावावर जास्त पैसे मागणारे भेटतात. कोणी म्हणालं, "ही निळी जात शंभर टक्के शुद्ध आहे, जोडी लावा, सगळी निळीच निघतील," तर आधी विचारा, हिची आधीची पिल्लं कुठे आहेत? दाखवा. कोणी काळी कोंबडी दाखवून कडकनाथ म्हणालं, तर तिची कातडी, तुरा आणि जीभ पाहा. कडकनाथचा काळेपणा पिसापुरता नसतो, आत मांसापर्यंत असतो, आणि त्याचं कारण वेगळंच जनुक आहे. नुसतं काळं पीस म्हणजे कडकनाथ नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, राखी पिसामुळे अंडी जास्त मिळत नाहीत, मानमोडी म्हणजे राणीखेत टळत नाही. अंडी वाढतात निवडीनं, खाद्यानं, स्वच्छतेनं. मानमोडी टळते लशीनं. रंग हौसेसाठी जरूर पाळा, पण पैसा रंगावर लावू नका.

आणि एक बोलायचं राहिलं, ते रंगापेक्षा मोठं आहे. काळं पिल्लू निघालं तेव्हा आम्ही पहिला बोट कोणाकडे दाखवलं? मावशीकडे. घरात सावळी लेक झाली की बोट कोणाकडे जातं? सुनेकडे. मुलगी झाली की? पुन्हा सुनेकडे. माणसाचा वर्ण कोंबडीच्या राखी पिसासारखा एका दाण्यावर ठरत नाही, त्यात अनेक जनुकांचा हात असतो. पण ते दाणे आई आणि बाप दोघांकडून येतात, हे तर खरंच. मुलगा की मुलगी, हे माणसात बापाच्या बीजावर ठरतं. कोंबड्यांत उलटं आहे, तिथे नर की मादी हे कोंबडीच्या अंड्यावर ठरतं. म्हणजे कोंबडीला एक वेळ बोल लावाल तर त्यात काही तथ्य तरी असेल, सुनेला लावाल तर तेवढंही नाही. शंभर वर्षांपूर्वी समजलेली गोष्ट आपल्या ओसरीपर्यंत अजून पोचायची आहे. ती पोचवणं आपल्या हातात आहे.

आता आमचं देणं. दाण्यांचा खेळ झाला त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्याजणी मावशीच्या घरी गेलो. सोबत त्या दोन वाट्या नेल्या. तिच्या ओसरीत बसून तिच्याच हातानं दाणे उचलवले. पहिल्या खेपेला दोन उडीद आले. ती म्हणाली, "हे काळं." दुसऱ्या खेपेला उडीद-तांदूळ. "हे राखी." तिसऱ्या खेपेला दोन तांदूळ आले. ती थांबली आणि म्हणाली, "म्हंजे मी खरं सांगत होती." आम्ही म्हटलं, हो मावशी, तू खरं सांगत होतीस आणि आमचं चुकलं. परत केलेले पैसे चौघींनी तिच्यासमोर ठेवले. तिनं ते लगेच घेतले नाहीत. चहा झाल्यावर घेतले.

तिची माफी आम्ही तिच्या ओसरीत मागितली. पण आरोप भर बैठकीत झाला होता, म्हणून माफीही चारचौघांत मागायला हवी. ती आज रेडिओवरून मागतो आहोत. मावशी, तू ऐकत असशील.

आता आमच्या गटाच्या वहीत एक नवं पान आहे. कोणाच्या घरचा कोंबडा, कोणाची कोंबडी, किती अंडी बसवली, किती फुटली, कोणत्या रंगाची किती, किती जगली. लिहिता येत नाही तिच्यासाठी शाळेतली नात लिहिते. त्या भांडणातला एक काळा कोंबडा आणि दोन शिंतोड्यांच्या तलंगा सुदैवानं कापायच्या राहिल्या होत्या. मावशीनं त्या आपल्याकडे मागून घेतल्या आहेत आणि वेगळ्या डालग्यात ठेवल्या आहेत. त्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली बसली आहेत.

तुमच्या गटातही हा खेळ करून पाहा. दोन वाट्या, दोन उडीद, दोन तांदूळ, एवढंच लागतं. काय निघालं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा मावशीच्या पिल्लांचा रंग सांगू.